झोपेतून उठलेला लॅपटॉप आपले हातपाय कसे मोजतो?

या भागाचा विषय ऐकताना थोडा किचकट वाटू शकतो, म्हणून बोललेलं सगळं इथं लिहून ठेवतोय. मोबाईलवर आरामात वाचा. शेवटी 'काय करायचं, काय नाही' हा भाग आहे, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला तरी चालेल.

विषय निघाला तो वरूडच्या एका श्रोत्याच्या प्रश्नावरून. त्याच्याच भाषेत सांगतो: "भाऊ, लॅपटॉप हायबरनेट केला अन् दुकानात नेला. आठ जीबीची अजून एक रॅम टाकून आनली. घरी येऊन चालू केला तं सगळंच कोरं! बाबाच्या बगीच्याच्या सौद्याचा हिशोब एक्सेलमधी उघडा होता, सेव्ह केला नोता, तो गेला. रॅम वाढवली तं काम कमी कावून झालं?"

प्रश्न एकदम रास्त आहे. रॅम वाढवली म्हणजे लॅपटॉप सुधारला. मग त्यानं जुनं काम का फेकून दिलं? उत्तर थोडक्यात असं: लॅपटॉपनं हिशोब फेकला हे खरं, पण तसं करून त्यानं बाकीची डिस्क वाचवली. तो झोपला तेव्हा त्याचं अंग एक होतं आणि उठला तेव्हा दुसरं. हा बदल त्याच्या लक्षात आला हे चांगलंच झालं. तो लक्षात आला नसता, तर एका फाईलवर भागलं नसतं.

झोप, गाढ झोप आणि बंद

आधी तीन अवस्था नीट वेगळ्या करू, कारण बोलताना आपण सगळ्यांनाच 'बंद केला' म्हणतो.

पहिली स्लीप. झाकण मिटलं की बहुतेक लॅपटॉप यात जातात. प्रोसेसर थांबतो, स्क्रीन बंद होते, पण रॅमला थोडी थोडी वीज मिळत राहते. रॅममधलं सगळं जागच्या जागी असतं, म्हणून दोन सेकंदांत जाग येते. बॅटरी मात्र हळूहळू उतरत असते.

दुसरी हायबरनेट. यात रॅममध्ये जे काही आहे ते डिस्कवर उतरवून घेतात आणि मग वीज पूर्ण तोडतात. विंडोजमध्ये ही प्रत 'हायबरफिल' नावाच्या लपवलेल्या फाईलमध्ये जाते. लिनक्समध्ये ती साधारणपणे स्वॅप नावाच्या जागेत जाते. चार दिवसांनी चालू करा किंवा बॅटरी काढून पुन्हा लावा, काम जिथं सोडलं होतं तिथंच सापडतं.

तिसरी शटडाउन. सगळं आवरलं, फाईली मिटल्या, पुढच्या वेळी कोरी सुरुवात.

या अवस्थांची नावं आणि नियम एसीपीआय नावाच्या मानकात लिहिलेले आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते १९९६ च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. त्यात रॅम जागी ठेवून झोपण्याला एस-३, हायबरनेटला एस-४ आणि बंद अवस्थेला एस-५ म्हणतात. आपल्या आजच्या गोष्टीतला सगळा घोळ एस-४ मधला आहे.

आपल्याकडे हायबरनेटचा उपयोग वेगळा सांगायला नको. लाईन कधी जाते आणि कधी येते याचा नेम नाही. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झाली असेल तर स्लीपमध्ये ठेवलेला लॅपटॉप चार-पाच तासांत गार पडतो आणि उघडं काम जातं. हायबरनेटला वीजच लागत नाही. त्यामुळे हायबरनेट वापरूच नका, असा या भागाचा सूर अजिबात नाही. फक्त त्याची एक अट आहे, आणि ती अट बऱ्याच जणांना माहीत नसते.

ताणावरचा बगीचा आणि जुनी वही

ती अट समजायला वरूडच्या लोकांना फार लांब जायला नको. संत्र्याच्या बगीच्याला आपण ताण देतो. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडायचं, पानं मलूल होतात, काही गळतात, झाड वरून झोपल्यासारखं दिसतं. मग जानेवारीच्या सुमारास पाणी देऊन ताण तोडायचा, की झाड फुलावर येतं. मृग बहाराला हाच खेळ मे महिन्यात, आणि ताण तोडायचं काम पावसाकडे.

आता समजा, पाणी तोडताना एका माणसानं वहीत सगळं टिपून ठेवलं: किती ओळी, कोणत्या ओळीत किती झाडं, कोणता व्हॉल्व्ह कोणत्या ओळीचा. दीड महिन्यानं तो परत आला आणि बगीच्यात पाऊल न टाकता, वही बघूनच व्हॉल्व्ह उघडायला लागला. मधल्या काळात कोणी ठिबकच्या नळ्या इकडच्या तिकडं केल्या असतील, डिंक्यानं मेलेली पाच झाडं उपटली असतील, एका ओळीत नवीन कलमं लावली असतील, तर? वही चुकीची नाही. ती लिहिली त्या दिवशी खरीच होती. पण ती आज खरी आहे का, हे वहीला कळत नाही. ते बगीच्यात फिरूनच कळतं.

हायबरनेटची फाईल म्हणजे ही वही. तिच्यात फक्त तुमचा एक्सेल आणि ब्राउझरचे टॅब नसतात. ऑपरेटिंग सिस्टीमच्या मनात हार्डवेअरचं जे चित्र असतं तेही त्यातच असतं: रॅम किती, तिचा कोणता पत्ता कोणाकडे, वायफायचं कार्ड कुठल्या पत्त्यावर बोलतं, डिस्कवर कोणती जागा मोकळी, कोणत्या पेन ड्राइव्हवर कोणती फाईल उघडी. जागं होताना हे चित्र जसंच्या तसं परत रॅममध्ये येतं आणि सिस्टीम त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवून पुढचं पाऊल टाकते. म्हणजे अट अशी: झोपताना जे अंग होतं, उठताना तेच असायला हवं. आणि ते तसं आहे की नाही, हे तपासायला मशीनमध्ये दोन नाके बसवलेले असतात.

पहिला नाका: बगीचा तोच आहे का?

तुम्ही पॉवरचं बटण दाबलं की सगळ्यात आधी जागं होतं ते फर्मवेअर, म्हणजे आपण ज्याला सवयीनं बायोस म्हणतो ते. फर्मवेअरच्या दृष्टीनं ही जवळपास रोजच्यासारखीच सुरुवात असते. ते नव्यानं रॅम मोजतं. प्रत्येक रॅमच्या पट्टीवर एक छोटी चिप असते, तिच्यात पट्टीची क्षमता आणि वेग लिहिलेला असतो, तो वाचतं. आतली कार्डं, डिस्क शोधतं. आणि या सगळ्यावरून मेमरीचा एक नकाशा तयार करतं: अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंत रॅम, मधला हा तुकडा ग्राफिक्सचा, हा फर्मवेअरसाठी राखीव.

यानंतर पाळी येते झोपेतून उठवणाऱ्या प्रोग्रामची. त्याला डिस्कवर हायबरनेटची प्रत दिसते. ती लगेच रॅममध्ये ओतायची की आधी काही विचारायचं, हा खरा निर्णयाचा क्षण.

एसीपीआय मानकानं यासाठी एक सोय ठेवली आहे. फर्मवेअर मेमरीमध्ये एक छोटा तक्ता ठेवतं, त्याचं नाव एफएसीएस. त्या तक्त्यात ३२ बिटांचा एक आकडा असतो: हार्डवेअर सिग्नेचर, म्हणजे हार्डवेअरची सही. मशीनची मूळ रचना बघून फर्मवेअर हा आकडा काढतं. झोपताना सिस्टीम तो आकडा प्रतीसोबत टिपून ठेवते. उठताना फर्मवेअर नवा आकडा देतं. दोन्ही जुळले तर पुढं जायचं. जुळले नाहीत तर मानक सांगतं की जुनी प्रत वापरू नका, कोरी सुरुवात करा. सातबाऱ्यावरचा गट नंबर बघण्यासारखंच हे: आत काय लावलंय ते नंतर बघू, आधी शेत तेच आहे का ते सांगा.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात गंमत झाली. काही लॅपटॉपचं फर्मवेअर इतकं हळवं निघालं, की नुसतं डॉकिंग स्टेशनला लावलं किंवा काढलं तरी सही बदलायची. मूळ मशीन तेच, पण सही वेगळी. नियम काटेकोर पाळला तर लोकांचं काम विनाकारण जायचं. लिनक्समध्ये ही सही तपासण्याची रीतसर सोय २०२१ च्या शेवटी डेव्हिड वुडहाऊस यांच्या बदलानं आली, तेव्हा तिच्यासोबतच्या नोंदीत हे स्पष्ट लिहिलं गेलं: हा नियम मानकाला धरून आहे, पण वास्तवाला धरून नाही. विंडोज तो पाळत नाही आणि अनेक लॅपटॉप डॉक करताना सही बदलतात. म्हणून साध्या लॅपटॉपवर लिनक्स सही बदललेली दिसली तर फक्त इशारा नोंदवतं आणि पुढं जातं. वापरणाऱ्यानं मुद्दाम सांगितलं तरच अडवतं. क्लाउडमधल्या आभासी मशीनसाठी मात्र नंतर उलटं ठरलं. तिथं डॉकिंगचा प्रश्नच नाही, त्यामुळे सही बदलली म्हणजे खरंच काहीतरी बदललंय, असं धरून कोरी सुरुवात करायची.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. बदल ओळखणारी यंत्रणा फार कडक ठेवली तर ती खोट्या शंकेवर काम फेकते, आणि फार सैल ठेवली तर खरा बदल निसटतो. दोन्हींमध्ये नुकसान आहे. फक्त कोणाचं आणि किती, एवढाच फरक.

मग रॅम वाढवली की नेमकं काय होतं?

सहीवर भरवसा नाही, म्हणून सिस्टीम स्वतःचीही मोजणी करते. रॅम ही ४ किलोबाइटच्या पानांमध्ये मोजली जाते. ८ जीबी म्हणजे अशी २० लाख ९७ हजार १५२ पानं. १६ जीबी म्हणजे बरोबर दुप्पट. लिनक्स प्रतीच्या पहिल्या भागात कर्नलची आवृत्ती आणि पानांची संख्या लिहून ठेवतं. उठताना संख्या जुळली नाही की प्रत नाकारली जाते. इंटेल-एएमडीच्या मशीनवर मेमरीच्या नकाशाचाही एक छोटा तपास-आकडा काढून ठेवतात, म्हणजे एकूण रॅम तेवढीच पण आतली मांडणी बदलली, तरी पकडता यावं. बायोस अपडेट केल्यावर असं होऊ शकतं. विंडोजलाही फर्मवेअरचा मेमरी नकाशा झोपण्याआधीसारखा लागतो, नाहीतर जागं होणं फसतं.

"पण भाऊ, रॅम वाढलीच आहे ना, कमी तर नाही झाली! जुन्या आठ जीबीत जुनं ठेवा, नवी आठ जीबी रिकामी राहू द्या." विचार बरोबर वाटतो, पण अडचण पत्त्यांची आहे. नवी पट्टी आली की फर्मवेअर पूर्ण नकाशा नव्यानं आखू शकतं. काल ज्या पत्त्यावर साधी रॅम होती, तिथं आज फर्मवेअरची राखीव जागा असू शकते. जुनी सिस्टीम मात्र जुन्या नकाशावर चालणार. तिनं त्या पत्त्यावर काही लिहिलं, की मशीन अडकलं किंवा त्याहून वाईट, चुकीचा डेटा बरोबर समजून डिस्कवर गेला.

म्हणून नाक्यावरच गाडी परत पाठवतात. कोरी सुरुवात झाली तर न जपलेलं काम जातं, पण डिस्कच्या दृष्टीनं ते अचानक लाईन जाण्यासारखंच असतं. आजच्या फाईल सिस्टीम आपल्या कामाची रोजनिशी ठेवतात आणि अशा धक्क्यातून सावरतात. आपल्या श्रोत्याचा हिशोब गेला, पण बाकीच्या फाईली, फोटो, कॉलेजचं प्रोजेक्ट सगळं शाबूत राहिलं, ते याच कारणानं.

दुसरा नाका: ओळीओळीतून फेरी

पहिला नाका पार झाला, प्रत रॅममध्ये आली, जुनी सिस्टीम जागी झाली. आता ती एकेका उपकरणाकडे जाऊन विचारते: तू आहेस का? आणि तू तोच आहेस का?

मदरबोर्डवरच्या पीसीआय जोडणीत प्रत्येक उपकरणाला दोन ओळखक्रमांक असतात: कोणत्या कंपनीचं आणि कोणतं मॉडेल. दोन्ही १६ बिटांचे. सिस्टीम त्या जागेवर वाचायला जाते. तिथं कोणीच नसेल तर उत्तरात सगळे एक-एक येतात. रिकाम्या खोलीत हाक मारल्यावर आपलाच आवाज घुमावा तसं. त्यावरून कळतं की उपकरण गेलं. क्रमांक वेगळा आला तर कळतं की जागी दुसरंच कोणीतरी बसलंय. विंडोजमध्ये प्रत्येक जोडणीचा ड्रायव्हर आपल्या हाताखालच्या उपकरणांची ताजी यादी देतो. यादीतून जे गायब झालं त्याला 'अचानक काढलेलं' समजून त्याचा ड्रायव्हर आवरला जातो आणि जे नवीन दिसलं त्याला रीतसर जोडून घेतलं जातं.

त्यामुळे झोपेत माउस बदला, प्रिंटर काढा, बाहेरचा स्क्रीन लावा, फार काही बिघडत नाही. माउसमध्ये जपायचं असं काही नसतंच. तो गेला, नवा आला, इतकंच.

खरी काळजी आहे साठवणुकीची. आणि इथं गोष्ट तुमच्या रोजच्या वापरातल्या पेन ड्राइव्हपाशी येते.

पेन ड्राइव्हचा घात

हायबरनेटमध्ये यूएसबीची वीज जाते. म्हणजे सिस्टीमच्या नजरेनं प्रत्येक पेन ड्राइव्ह एकदा काढून पुन्हा लावला गेलाय. काटेकोर वागायचं तर त्याच्यावर उघडलेल्या सगळ्या फाईली मेल्या असं धरावं लागेल. ते लोकांना परवडणारं नव्हतं. म्हणून लिनक्समध्ये ॲलन स्टर्न यांनी २००६ मध्ये एक तोडगा मांडला: उठल्यावर त्याच पोर्टला बघा. तिथल्या उपकरणाची कंपनी, मॉडेल, असल्यास अनुक्रमांक, अशी वर्णनं झोपण्याआधीसारखीच असतील तर ते तेच उपकरण समजा आणि जुना संसार पुढं चालू ठेवा.

सोय मोठी आहे, पण त्यांनीच इशाराही देऊन ठेवला. एकाच कंपनीचे एकाच मॉडेलचे दोन पेन ड्राइव्ह असतील आणि त्यांना वेगळा अनुक्रमांकच नसेल, तर अदलाबदल ओळखायची कशी? त्याहून अवघड गोष्ट कार्ड रीडरची. रीडर तोच, त्याची ओळख तीच, पण आतलं मेमरी कार्ड बदललं. सिस्टीम दारावरची पाटी वाचते. घरात राहणारे बदलले हे पाटीवरून कळत नाही.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त घडते. पेन ड्राइव्ह खरंच तोच असतो, पण मधे त्याच्यावर दुसरीकडे काहीतरी लिहिलं गेलेलं असतं. समजा, लॅपटॉप हायबरनेट आहे. तुम्ही पेन ड्राइव्ह काढला, स्टुडिओतून बहिणीच्या लग्नाचे फोटो घेऊन आलात, परत त्याच पोर्टला लावला आणि लॅपटॉप उठवला. ओळख शंभर टक्के जुळली. पण लॅपटॉपच्या आठवणीत पेन ड्राइव्हचा नकाशा जुना आहे. ज्या जागेवर आता फोटो आहेत, ती जागा त्याच्या लेखी मोकळी. तो तिथं निवांत आपली फाईल लिहील, किंवा फाईलींची जुनी यादी नव्या यादीवर चढवून ठेवेल. फोटो कुणी पुसले नाहीत, तरी गेले. कुठलीही एरर येत नाही, आणि बरेचदा चार दिवसांनी लक्षात येतं.

विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून काढता येणाऱ्या ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' हे धोरण आपोआप चालू असतं, म्हणजे लिहायचं काम साठवून न ठेवता लगेच उरकतात. त्यानं धोका कमी होतो. संपतो असं समजू नका.

'शटडाउन केला होता' म्हणणाऱ्यांसाठी

इथं बरेच जण म्हणतील, आम्ही हायबरनेट वापरतच नाही, आम्ही सरळ शटडाउन करतो. थांबा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन दाबल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात हे खरं, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांचं चित्र हायबरनेटसारखंच डिस्कवर ठेवलं जातं. पुढच्या वेळी कोरी सुरुवात न करता ते चित्र उचलतात, म्हणून लॅपटॉप लवकर चालू होतो. थोडक्यात, तुम्ही बंद केला असं तुम्हाला वाटतं, तो मात्र अर्धवट झोपलेला असतो.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या मुलांना याचा फटका नेमका कळतो. लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन उघडायला गेलं की एनटीएफएस-थ्रीजी हा प्रोग्राम नकार देतो: विंडोज हायबरनेट अवस्थेत आहे, मी इथं लिहिणार नाही. लोक वैतागतात, आणि इंटरनेटवरून कसलीतरी आज्ञा शोधून जबरदस्ती करतात. पण तो नकार म्हणजे मगाच्या पेन ड्राइव्हचीच गोष्ट आहे. झोपलेल्या विंडोजच्या आठवणीत त्या पार्टिशनचा जुना नकाशा आहे. मधे कोणी काही लिहिलं, तर विंडोज उठल्यावर त्याच्यावरून नांगर फिरवेल. अशा वेळी लिनक्समधून बाहेर या, विंडोज पूर्ण बंद करा, मग परत जा.

फोनला हे दुखणं का नाही?

तुमच्यातले बरेच जण हे फोनवरच वाचताय, म्हणून हा प्रश्न येणारच. फोन दिवसातून शेकडो वेळा झोपतो आणि उठतो, पण ती स्लीपची झोप असते. रॅम जागी असते. शिवाय फोनची रॅम आणि साठवण बोर्डावर सोल्डर केलेली असते. कोणते भाग कुठं आहेत याची यादी कारखान्यातूनच पक्की येते. झोपेत रॅम बदलणारा माणूस फोनला भेटतच नाही.

फोनमध्ये झोपेत बदलू शकणारे भाग मोजके: सिम आणि मेमरी कार्ड. त्यांची वीज पूर्ण गेलेली नसते, त्यामुळे ट्रे बाहेर ओढला की फोनला तिथल्या तिथं कळतं आणि 'एसडी कार्ड अचानक काढलं' असा संदेश येतो. बदल होत असताना जागं असणं आणि उठल्यावर बदल शोधणं, यांत हाच फरक. हायबरनेट झालेला लॅपटॉप पूर्ण बेशुद्ध असतो. मधे काय झालं हे त्याला कोणी सांगत नाही, त्याला खुणांवरून ओळखावं लागतं. आणि खुणा सारख्या असतील तर तो फसतो.

काय करायचं, काय नाही

एक. लॅपटॉप उघडायचा असेल, म्हणजे रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड काहीही बदलायचं असेल, तर आधी पूर्ण शटडाउन. विंडोजमध्ये शिफ्टचं बटण दाबून धरून 'शटडाउन' निवडा, की फास्ट स्टार्टअप त्या वेळेपुरतं बाजूला राहतं. 'रीस्टार्ट' ही नेहमी कोरी सुरुवातच असते. दुकानात देण्याआधी हे घरीच करा. दुकानदाराला तुमची एक्सेल उघडी आहे हे दिसत नाही.

दोन. बायोस अपडेट करायचं असेल तरी हाच नियम. तिथं एकही स्क्रू फिरत नाही, पण मेमरीचा नकाशा बदलू शकतो.

तीन. हायबरनेट करण्याआधी पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची हार्ड डिस्क 'इजेक्ट' करून काढून ठेवा. राहिलीच लावलेली, तर लॅपटॉप उठेपर्यंत तिला हात लावू नका, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला तर मुळीच लावू नका.

चार. एका लॅपटॉपवर दोन सिस्टीम असतील तर फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात पॉवरची बटणं काय करतात ते ठरवण्याचं पान, तिथं ही खूण काढता येते.

पाच. हायबरनेट करण्याआधी फाईल सेव्ह करा. कंट्रोल आणि एस, एवढंच. हायबरनेट म्हणजे सेव्ह नाही. ती उघड्या कामाची तात्पुरती राखण आहे, आणि राखणदार कधीकधी माघारी फिरतो हे आपण वर बघितलं.

सहा, आणि हे खास लक्षात ठेवा. हायबरनेट असतानाच रॅम बदलली गेली आणि अजून पॉवरचं बटण दाबलेलं नाही, तर दाबू नका. नवी पट्टी काढा, जुनी रचना होती तशीच करा, मग चालू करा. सही जुळते, पानं जुळतात, काम परत येतं. ते सेव्ह करा, पूर्ण शटडाउन करा, आणि मग निवांत नवी रॅम टाका. एकदा का कोरी सुरुवात झाली की जुनी प्रत बाद होते. मग जुनी पट्टी परत लावून उपयोग नाही. लिनक्समध्ये तर स्वॅपवर प्रत असल्याची एक खूण असते, ती पुसली की प्रत कायमची गेली. ते मुद्दाम तसं केलंय, कारण एकच जुनी आठवण दोनदा जागी झाली तर डिस्कचा सत्यानाश ठरलेला.

शेवटचा एक मुद्दा

ही सगळी तपासणी चोरी पकडण्यासाठी नाही, हेही सांगून ठेवतो. ३२ बिटांची सही किंवा उपकरणाचे ओळखक्रमांक हे कुलूप नव्हेत. ज्याला मुद्दाम फसवायचंय तो त्यांची नक्कल करू शकतो. शिवाय हायबरनेटच्या प्रतीत रॅममधलं सगळं असतं, अगदी उघडे असलेले पासवर्डसुद्धा. लॅपटॉप बाहेर ठेवायची वेळ येत असेल तर डिस्कला एन्क्रिप्शन लावा. ते काम वेगळं, आणि त्यावर वेगळा भाग करू.

आजच्यापुरतं इतकं ध्यानात ठेवलं तरी पुरे: झोपलेल्या मशीनला मधल्या काळाचं काही माहीत नसतं. ते उठल्यावर आपल्या जुन्या वहीवर विश्वास ठेवतं, आणि जिथं शंका येते तिथं वही फाडून टाकतं. वही फाटली तर तुमचं अर्धं काम जातं. ती फाटायला हवी होती आणि फाटली नाही, तर जपून ठेवलेलंही जातं. दोन्ही टाळायचं तर अंगाला हात लावण्याआधी मशीनला नीट, पूर्ण बंद करा.

तुमच्या लॅपटॉपचं झोपेतून उठताना असंच काही झालं असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, वऱ्हाडीत बोललात तर अजूनच बरं. भेटू पुढच्या भागात!